शिवकांता, खोल्या घेण्याआधी

घर बघायला मे महिन्यात जा.
दिवाळीत सगळीच घरं चांगली दिसतात.
मे महिन्यात, भर अडीचच्या उन्हात,
दलाल सावलीला टेकला की तू नळ सोड.
नळ नुसता खोकला तर समज.
तोटीवरचा पांढरा खर नखानं खरवड
आणि शेजारणीला विचार बोअर किती फुटांचं.
दलाल म्हणेल तीनशे, शेजारीण म्हणेल सातशे.
शेजारणीचं ऐक.

कागद माणसापेक्षा हळू वाच.
एनए म्हणाला तर आदेश माग,
गुंठेवारी म्हणाला तर पावती.
बहिणीनं हक्क सोडलाय म्हणाला
तर ती बहीण कुठल्या गावी दिली ते विचार
आणि एसटीनं जाऊन ये.
मी गेले होते अहमदपूरला.
बाई गच्चीवर पापड वाळत घालत होती.
तिला कशाचाच पत्ता नव्हता.
दोन पापड खाल्ले, सौदा मोडला,
सांजच्या गाडीनं लातूरला परत.

भाड्याचा हिशेब बारा महिन्यांचा मांडू नकोस,
दहाचाच मांड.
परीक्षा झाली की लेकरं गाद्या गुंडाळतात
आणि खाडगाव रोडच्या निम्म्या गच्च्यांवर
टू-लेट हलत राहतो.
तेवढ्यात रंग दे, गळती काढ.
उरलेलं टँकरवाला नेईलच.

सबमीटर लाव. वेगळा. प्रत्येक खोलीला.
करार अकरा महिन्यांचा, पण नोंदवलेला;
पोलीस ठाण्यात कळवून पोच घे, ती फाईलला लाव.
डिपॉझिट पोस्टात ठेव, पोरीच्या बारशाला काढू नकोस.
तो पैसा तुझा नव्हे,
तुझ्याकडं मुक्कामाला आलाय.

जात विचारू नकोस.
विचारणाऱ्यांच्या खोल्यांना मी जाळी धरलेली पाहिली आहे.
एवढंच विचार: रात्री किती वाजता झोपतोस,
आणि दिवसाला बादल्या किती.

आता हे तुझ्या काकांनाही सांगितलेलं नाही.
किनवटकडचा एक पोरगा होता, दिगंबर आडे,
मधल्या खोलीत.
दोन महिन्यांचं भाडं थकलं.
मी जिन्याखाली गेले आणि त्याच्या लाईनचा व्हॉल्व्ह फिरवला.
एप्रिल होता.
मला वाटलं, येईल वर, हात जोडेल, देईल.
तो आला नाही.
पहाटे घागर घेऊन कुठंतरी जायचा,
जिन्यावर पाणी सांडू नये म्हणून
एकेक पायरी थांबत चढायचा.
मी आतून पायऱ्या मोजायची.
सतरा.

नऊ दिवस.

दहाव्या दिवशी परीक्षा.
दाराशी आला, शर्ट चुरगळलेला, केस कोरडे.
म्हणाला, येतो मावशी.
मी म्हटलं, नीट लिही.
दुसरं काय म्हणणार होते?

जुलैत फोन वाजला. भाडं आलं होतं,
पूर्ण, चारशे वीस लाईटबिलासकट.
निकालाचं काही लिहिलेलं नव्हतं.
मीही विचारलं नाही.

म्हणून सांगते.
नोटीस दे. बापाला फोन लाव.
डिपॉझिटातून काप, खोली खाली करून घे,
चारचौघांत बोल, वकिलाकडं जा.
व्हॉल्व्ह जिन्याखाली आहे, तुला वाकलं की सापडेल.
वाकू नकोस.

बाकी तू हुशार आहेस, भिशी सांभाळतेस.
किल्लीची जादा कॉपी ठेव,
पण हाक मारल्याशिवाय दार उघडू नकोस.
स्लॅब घे, पत्र्याच्या नादी लागू नकोस.

आणि टाकीला झाकण बघ नीट बसतं का.
वानरं येतात.